मालवणचे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर आणि येशूच्या ऐतिहासिकतेचा प्रश्न

६ जुलै हा डॉ. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांचा जन्मदिवस. १८३७ साली याच दिवशी मालवण येथे त्यांचा जन्म झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी, आणि आपला सिंधुदुर्ग धर्मप्रांत स्थापन झाला ५ जुलै २००५ रोजी, म्हणजे भांडारकरांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी. हा केवळ योगायोग होय. त्यातून काही अर्थ काढावा असे आम्ही म्हणत नाही.

भांडारकर ख्रिस्ती नव्हते. मग त्यांचे चरित्र आपल्या पानावर कशासाठी, असे वाचकांना वाटणे स्वाभाविक आहे. त्याचे कारण असे. अलीकडे आपल्या धर्मग्रामांतील तरुण एक प्रश्न घेऊन येतात. येशू नावाचा मनुष्य या पृथ्वीवर खरोखर होऊन गेला काय, की त्याची कथा नंतरच्या लोकांनी रचली? महाविद्यालयात कोणीतरी हे विचारलेले असते, मोबाईलवर कोणीतरी चित्रफीत पाठवलेली असते. कधी प्रश्नाचे रूप निराळे असते: ख्रिस्त म्हणजे कृष्णच, नाव तेवढे पालटले, हे खरे का? आम्ही श्रद्धेच्या भाषेत उत्तर देतो आणि ते पुरेसे पडत नाही, कारण विचारणारा श्रद्धेविषयी विचारीत नसतो, पुराव्याविषयी विचारीत असतो. अशा प्रश्नाला पुराव्याने कसे भिडावे, हे महाराष्ट्राला ज्यांनी शिकवले त्यांत मालवणच्या या सुपुत्राचे स्थान फार वरचे आहे.

भांडारकरांचे घराणे गौड सारस्वत ब्राह्मणांचे. वडील गोपाळराव महसूल खात्यात कारकून होते. नोकरीच्या बदल्यांबरोबर कुटुंब फिरत राहिले, आणि १८४७ च्या सुमारास रामकृष्ण रत्नागिरीच्या इंग्रजी शाळेत दाखल झाले. १८५३ साली ते मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत आले. तेथे दादाभाई नौरोजी त्यांचे शिक्षक होते. मुंबईत ते परमहंस सभेच्या सहवासात आले. जातिभेद मोडण्यासाठी गुप्तपणे भरणाऱ्या या सभेत प्रवेश करताना ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. आज कोकणातल्या प्रत्येक घरी सकाळी पाव येतो, पण त्या काळी त्या एका तुकड्यासाठी माणूस जातीबाहेर पडत असे, हे आपण विसरता कामा नये.

१८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे यांच्याबरोबर भांडारकर होते. पुढे काही काळ ते रत्नागिरीच्या हायस्कुलाचे मुख्याध्यापक होते. त्यानंतर एल्फिन्स्टन कॉलेजात आणि १८८२ ते १८९३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी संस्कृत शिकवले. संस्कृत शिकणाऱ्या मुलांच्या अनेक पिढ्या त्यांच्या दोन पाठ्यपुस्तकांवर वाढल्या. १८८५ साली जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठाने त्यांना डॉक्टरेट दिली, १८९३ ते १८९५ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते, आणि १९११ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. मानसन्मानांची ही यादी आणखी लांबवता येईल. आम्हांस मात्र सांगायचे आहे ते त्यांच्या एका छोट्या लेखाविषयी, जो १८७४ साली ‘इंडियन अँटिक्वेरी’ या मुंबईहून निघणाऱ्या नियतकालिकात आला.

त्या लेखाची पार्श्वभूमी आपल्या दृष्टीने थोडी अवघड आहे. १८६७ साली आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडितांनी असे मांडले की, कृष्णजन्माष्टमीचा उत्सव आणि बाळकृष्णाची भक्ती यांवर ख्रिस्तजन्माच्या कथेची छाप आहे. दोन वर्षांनी फ्रान्झ लोरिंझर या ब्रेस्लाऊच्या कॅथलिक धर्मपंडितांनी भगवद्गीतेचा जर्मन अनुवाद प्रसिद्ध केला. गीतेतील अनेक विचार नव्या करारातून उचललेले आहेत, असा दावा त्यांनी त्यात केला. या दाव्याचा इंग्रजी तर्जुमा १८७३ साली त्याच ‘इंडियन अँटिक्वेरी’त आला. लोरिंझर हे आपल्याच चर्चचे विद्वान होते, तरीही आम्ही स्पष्ट लिहितो की त्यांची मांडणी टिकणारी नव्हती. दोन वचने सारखी दिसली की एक दुसऱ्यावरून घेतले, असे धरून ते चालले होते. १८७५ साली मुंबईच्या काशीनाथ त्रिंबक तेलंगांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले.

भांडारकरांनी वादाची वाट निराळी धरली. सारखेपणाच्या याद्या करण्याऐवजी त्यांनी साक्षीदार शोधला. तो साक्षीदार म्हणजे व्याकरणकार पतंजली. पतंजलीच्या महाभाष्यात व्याकरणाचे नियम समजावण्यासाठी साधी उदाहरणे येतात. बोलणाऱ्याने स्वतः पाहिली नाही अशी जुनी घटना सांगताना क्रियापदाचे कोणते रूप वापरावे, हे सांगताना पतंजली वासुदेवाने कंसाला मारल्याचे उदाहरण देतो. दुसऱ्या एका ठिकाणी कंसवधाचा खेळ करणारे नट आणि ती कथा सांगणारे कथेकरी यांचा उल्लेख येतो. त्यांपैकी काहींचे चेहरे लाल, काहींचे काळे असतात असेही तो सांगतो. पतंजलीला कृष्ण सिद्ध करायचा नव्हता. त्याला क्रियापद सिद्ध करायचे होते. म्हणूनच त्याची साक्ष मोलाची ठरते: त्याच्या काळी ही कथा इतकी जुनी आणि इतकी सर्वतोमुखी होती की शाळेतल्या उदाहरणाला ती चालत होती.

आता पतंजलीचा काळ ठरवणे आले. तेही भांडारकरांनी त्याच्याच उदाहरणांतून केले. यवनांनी साकेताला वेढा घातला ही घटना पतंजली अलीकडची, बोलणाऱ्याला पाहता आली असती अशी म्हणून सांगतो; ते गोल्डस्ट्यूकर या पंडितांनी आधीच दाखवले होते. भांडारकरांनी त्याला पुष्यमित्र राजाच्या यज्ञाच्या उदाहरणाची जोड दिली. तो यज्ञ चालू असल्यासारखा वर्तमानकाळात येतो. यावरून पतंजली इ. स. पूर्व दुसऱ्या शतकाच्या मध्यावर येतो. वेबर यांनी यावर आक्षेप घेतले, भांडारकरांनी उत्तरे दिली, आणि आज बहुतेक अभ्यासक भांडारकरांच्याच बाजूला आहेत. पुढे दगडांनीही साक्ष दिली. ग्रीक राजाचा दूत हेलिओडोरस याने वासुदेवाच्या नावे उभारलेल्या बेसनगरच्या स्तंभावरील लेख १९०९ साली उजेडात आला. भांडारकरांचे पुत्र देवदत्त यांनी १९१३ ते १९१५ या काळात त्याच जागी उत्खनन केले. १९७० साली अफगाणिस्तानात आय-खानूम येथे अगाथोक्लीस राजाची नाणी सापडली, त्यांवर वासुदेव आणि संकर्षण यांच्या आकृती आहेत, ती इ. स. पूर्व १८० च्या सुमाराची. म्हणजे वासुदेवाची पूजा येशूच्या जन्माआधी निदान दीडदोनशे वर्षे चालत होती.

१८८८ साली मुंबईच्या फ्री चर्च कॉलेजच्या साहित्य मंडळापुढे भांडारकरांनी एक व्याख्यान दिले. विषय होता चिकित्सक, तौलनिक आणि ऐतिहासिक संशोधनपद्धती. मिशनऱ्यांच्या कॉलेजात एका हिंदू पंडिताने सांगितलेली ही पद्धत दोन्ही पक्षांना सारखीच बोचणारी होती. संशोधकाने न्यायाधीशाप्रमाणे बसावे, वकिलाप्रमाणे नव्हे, हा तिचा गाभा. साक्षीदार कोण, तो केव्हाचा, त्याला त्या गोष्टीत स्वार्थ किती, हे आधी तपासावे. आपल्या देशाचे सगळे अतिप्राचीन ठरवण्याचा मोह एका बाजूला आणि हिंदुस्थानातले सगळे बाहेरून आलेले ठरवण्याचा मोह दुसऱ्या बाजूला. हे दोन्ही मोह त्यांनी सारख्याच कठोरपणे बाजूला सारले.

आता हीच पद्धत आपण येशूच्या प्रश्नाला लावून पाहू. त्या काळात युरोपात हा प्रश्न पेटलेलाच होता. जर्मनीत ब्रूनो बाउअर यांनी येशूचे अस्तित्वच नाकारले होते, आणि १९०९ साली आर्थर ड्रेव्ज यांच्या ग्रंथाने पुन्हा खळबळ उडवली. इंग्लंडमध्ये जे. एम. रॉबर्टसन यांनी १९०० साली येशू ही दंतकथा असल्याचे प्रतिपादन केले. त्यांच्या ग्रंथातला एक मोठा भाग ख्रिस्त आणि कृष्ण यांच्यावरच आहे, आणि कृष्णकथा ख्रिस्ताहून जुनी हे दाखवताना त्यांनीही पतंजलीचीच साक्ष काढली. कृष्णकथा जुनी असणे ही एक गोष्ट. त्यावरून येशू झालाच नाही असा निष्कर्ष निघत नाही. एका प्रश्नाचा साक्षीदार दुसऱ्या प्रश्नाला उभा करता येत नाही.

येशूच्या बाबतीत पतंजलीसारखा साक्षीदार आहे काय? आहे. ज्याचे लक्ष दुसरीकडेच होते असा एक साक्षीदार म्हणजे यहुदी इतिहासकार जोसेफस. इ. स. ९३-९४ च्या सुमारास लिहिलेल्या त्याच्या ग्रंथात येशूविषयी दोन उल्लेख आहेत. अठराव्या भागातला पहिला उल्लेख नंतरच्या ख्रिस्ती लेखनिकांनी वाढवलेला आहे, हे आपण मोकळेपणाने मान्य करावे. त्याचा मूळ गाभा किती, यावर विद्वानांत मतभेद आहेत. परंतु विसाव्या भागातला उल्लेख वेगळा. तेथे जोसेफस एका महायाजकाच्या बेकायदा वर्तनाची हकिगत सांगत आहे. इ. स. ६२ मध्ये त्याने ज्यांना दगडमाराची शिक्षा दिली त्यांत याकोब नावाचा एक मनुष्य होता. हा याकोब कोणता, हे वाचकाला कळावे एवढ्यासाठी तो ख्रिस्त म्हटल्या जाणाऱ्या येशूचा भाऊ, अशी ओळख जोसेफस देतो आणि पुढे जातो. येशू सिद्ध करणे हे त्याचे काम नव्हते, जसे कृष्ण सिद्ध करणे हे पतंजलीचे नव्हते. येथे भाऊ या शब्दाचा अर्थ काय, याविषयी चर्चची शिकवण आपणांस ठाऊक आहे. जवळच्या नातलगालाही तो शब्द लागे. इतिहासाच्या प्रश्नाला त्याने बाध येत नाही. याच याकोबाला आपण स्वतः भेटल्याचे संत पौलाने गलतीकरांस पाठवलेल्या पत्रात लिहिले आहे, आणि ते पत्र येशूच्या मृत्यूनंतर वीस-पंचवीस वर्षांतले आहे. दंतकथेतल्या माणसाचे नातलग यरुशलेमेत भेटत नाहीत.

दुसरा साक्षीदार वैरी आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ११६ च्या सुमारास लिहिताना, ६४ साली रोम जळाल्यावर नीरोने ख्रिस्ती लोकांवर आळ घातल्याचे सांगितले. त्या ओघात, या पंथाचा मूळ पुरुष तिबेरियस बादशहाच्या कारकिर्दीत पोंती पिलाताच्या हातून देहांत शासन पावला, हे त्याने नोंदवले. टॅसिटसला आपल्या धर्माचा तिटकारा होता आणि तो त्याने लपवलेला नाही. पिलाताचे नाव कोरलेला दगड १९६१ साली कैसरिया येथे सापडला. आज येशूच्या चमत्कारांवर विश्वास न ठेवणारे इतिहासकारही त्याचा बाप्तिस्मा आणि क्रूसावरचा मृत्यू या दोन घटना जवळजवळ एकमुखाने मान्य करतात. बार्ट अर्मन या अज्ञेयवादी अमेरिकन अभ्यासकाने २०१२ साली याच विषयावर एक ग्रंथ लिहून येशूचे अस्तित्व नाकारणाऱ्यांचे खंडन केले.

भांडारकरांच्या चरित्रातला सर्वांत विलक्षण भाग मात्र पुढेच आहे. १९१३ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांनी वैष्णव, शैव व इतर पंथांवरील आपला ग्रंथ स्ट्रासबर्ग येथून प्रसिद्ध केला. त्यात त्यांनी वासुदेव-कृष्ण आणि गोकुळातला गोपाळकृष्ण असे दोन भाग पाडले. पहिला ख्रिस्तपूर्व, हे त्यांचे मत कायम होते. दुसऱ्याविषयी त्यांनी असा तर्क केला की, आभीर या भटक्या गुराखी लोकांनी इसवी सनाच्या आरंभीच्या काळात पश्चिमेकडून येताना बालदेवाची पूजा आणली. दीन स्थितीतला जन्म, पाळणाऱ्या पित्याला मूल आपले नाही याची असलेली जाणीव आणि निष्पाप बालकांची हत्या या कथाही त्यांच्याबरोबरच आल्या असाव्यात. ख्रिस्त हे नावही कदाचित त्यांनीच आणले असावे. यासाठी त्यांनी दिलेला दाखला आपल्या अगदी घरचा आहे: गोव्याकडचे लोक आणि बंगाली लोक कृष्ण या नावाचा उच्चार कुष्टो किंवा क्रिष्टो असा करतात.

ज्या माणसाने १८७४ साली वेबर-लोरिंझर यांच्या मांडणीला छेद दिला, त्यानेच उतारवयात उसनवारीचा असा तर्क मांडावा, याचे अनेकांना आश्चर्य वाटले आणि काहींना रागही आला. आम्हांस त्यात त्यांचा निर्भयपणा दिसतो. पण तर्क पटत नाही. ख्रिस्ती वाचकाला तो सुखावणारा आहे, म्हणून तर तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. आभीरांनी ख्रिस्तकथा आणली, असे सांगणारा त्या काळचा एकही साक्षीदार नाही. नावाच्या उच्चाराचा आधार तर अगदीच दुबळा. कृष्ण म्हणजे काळा-सावळा, आणि देवकीपुत्र कृष्ण हे नाव छांदोग्य उपनिषदात येते. ख्रिस्त हे मुळात नावच नव्हे. अभिषिक्त या अर्थाच्या मशीहा या हिब्रू शब्दाचे ते ग्रीक भाषांतर. आपल्या प्रभूचे नाव येशू. नंतरच्या संशोधकांनी आभीरांविषयीचा हा तर्क बहुतांशी सोडून दिला. १८८८ च्या व्याख्यानातील भांडारकरांनी १९१३ च्या भांडारकरांना तो मांडू दिला नसता, असे आम्हांस वाटते.

तरीही या चुकलेल्या तर्कातून एक गोष्ट दिसते. येशू होऊन गेला, आणि त्याच्या कथा त्याच्यामागे दूरवर पसरल्या, हे भांडारकर गृहीत धरून चालले होते. त्याविषयी त्यांना वाद घालावासा वाटला नाही.

नावांच्या सारखेपणावर इमारत उभी करण्याची सवय पुढे उलट दिशेने वाढली. १९४६ साली गणेश दामोदर उर्फ बाबाराव सावरकर यांचे ‘ख्रिस्त परिचय’ हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाले. येशू जन्माने तमिळ हिंदू होता, असे त्यात प्रतिपादन आहे. २०१६ साली ते पुन्हा छापले गेले आणि आपल्या लोकांत बरीच अस्वस्थता पसरली. रागावण्यापेक्षा भांडारकरांचा प्रश्न विचारणे अधिक उपयोगी: साक्षीदार कोण, आणि तो केव्हाचा? पॅलेस्टाईनमधल्या पहिल्या शतकातील एकही लेखक तसे सांगत नाही.

न्यायाने आपल्याकडचेही सांगितले पाहिजे. शास्त्रग्रंथांना ही पद्धत लावण्याविषयी आपल्या चर्चमध्येही बराच काळ साशंकता होती. १९०७ साली पोप दहावे पायस यांनी आधुनिकतावादाचा कडक निषेध केला, आणि अनेक प्रामाणिक अभ्यासकांना त्याची झळ लागली. १९४३ साली पोप बारावे पायस यांनी बायबलच्या शास्त्रशुद्ध अभ्यासाला उत्तेजन दिले, आणि १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चारही शुभवर्तमानांची ऐतिहासिकता निःशंकपणे मान्य करतानाच त्यांच्या रचनेचे टप्पेही मान्य केले. हेरोदाने केलेली बालहत्या केवळ मत्तयच सांगतो, जोसेफस सांगत नाही. असे बोलायला आता आपल्याला भीती वाटू नये.

भांडारकर स्वतः प्रार्थना समाजाचे अग्रणी होते. एकच ईश्वर, प्रार्थना आणि शुद्ध आचरण हा त्यांचा धर्म. अवतार त्यांनी मानले नाहीत, कृष्णाचा नाही आणि येशूचाही नाही. तुकारामांच्या अभंगांवर त्यांचे मन जडले होते. मताला आचाराची जोड देण्याची वेळ आली तेव्हा ते मागे हटले नाहीत. १८९१ साली त्यांनी आपल्या विधवा कन्येचा पुनर्विवाह केला आणि स्वकीयांचा रोष पत्करला. येशू क्रूसावर मेला येथपर्यंत इतिहास नेतो. तिसऱ्या दिवशी काय झाले, याची ग्वाही शिष्यांनी दिली आणि ती आपण विश्वासाने स्वीकारतो. तेथे भांडारकर आपल्याबरोबर येत नाहीत, आणि आम्ही त्यांना ओढून आणणार नाही.

६ जुलै १९१७ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची स्थापना झाली. आपला ग्रंथसंग्रह त्यांनी या संस्थेला दिला. १ एप्रिल १९१९ रोजी त्यांच्याच हस्ते महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा आरंभ झाला. देशभरची हस्तलिखिते जमवून, ती ओळीओळीने ताडून, मूळ पाठ जास्तीत जास्त शुद्ध करण्याचे हे काम १९६६ साली पूर्ण झाले. नव्या कराराची पाच हजारांहून अधिक ग्रीक हस्तलिखिते ताडून जे काम युरोपात चालले होते, त्याचीच ही भारतीय बहीण म्हणता येईल. ते पूर्ण झालेले पाहणे भांडारकरांच्या नशिबी नव्हते. २४ ऑगस्ट १९२५ रोजी, ऋषिपंचमीच्या दिवशी, पुण्यात त्यांचे निधन झाले.